ही प्लेज, दे प्ले: इंग्रजी क्रियापदाला लागणाऱ्या 'एस'ची पार्श्वभूमी

मराठी मीडियमच्या पोरांना इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, बेळगाव शहर असो नाहीतर खानापूर-निपाणी, वहीत लाल पेनानं सगळ्यात जास्त वेळा काय गोल केलं जातं तर हा एस. 'माय मदर वर्क इन द फिल्ड' असं लिहिलेलं असतं, त्यावर गोल आणि बाजूला एक एस. आणि पुढच्याच ओळीत 'द बॉईज प्लेज', तिथं एस नको होता तर आहे. पोरगं म्हणतं, सर, बॉईज अनेक आहेत, अनेकवचनाला एस लागतो असं तुम्हीच सांगितलं, मग क्रियापदाला का नाही? हा प्रश्न एकदम रास्त आहे, आणि नियम पाठ कर म्हणून तो गप्प करणं मला अजिबात पटत नाही. याचं उत्तर हजारेक वर्षं मागं गेल्याशिवाय मिळत नाही.

साधारण इसवी सन ४५० ते ११०० ह्या काळातल्या इंग्रजीला जुनी इंग्रजी म्हणतात. तेव्हा क्रियापद आपल्यासारखंच कर्त्याप्रमाणं फिरायचं. गाणं म्हणणे हे क्रियापद घ्या: इच सिंगे, थू सिंगेस्ट, हे सिंगेथ, वे सिंगाथ. म्हणजे मी, तू, तो आणि अनेकवचन, चार वेगळी रूपं. त्यातला 'तो'चा जो 'एथ' आहे तो तर आपल्या ओळखीतला निघतो, कारण संस्कृतातलं 'भरति' आणि जुन्या इंग्रजीतलं 'बेरेथ' (वाहून नेतो) ही एकाच मूळ रूपापासून आलेली आहेत, 'ति'चा तिकडं 'थ' झाला एवढंच. इझ म्हणजे आपलं 'अस्ति' ज्या धातूचं त्याच घरातला, बी हा 'भू'च्या घरातला, वॉझ हा 'वस्'च्या. तीन वेगवेगळे धातू एका क्रियापदात येऊन बसलेत म्हणून अ‍ॅम, इझ, आर, वॉझ, वेअर हे एकमेकांसारखे दिसत नाहीत, पोरांना ते सुटं सुटं पाठ करावं लागतं त्याचं कारण हे.

आता एसकडं. नामाला लागणारा अनेकवचनाचा एस जुन्या इंग्रजीतल्या 'आस' ह्या प्रत्ययातून आला, दगड म्हणजे स्तान आणि अनेक दगड म्हणजे स्तानास. क्रियापदाचा एस त्याचा कोणीच लागत नाही. तो आला इंग्लंडच्या उत्तरेकडून, नॉर्थम्ब्रियातून. तिथं दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या एका पाद्र्यानं लिंडिस्फार्न ह्या मठाच्या लॅटिन शुभवर्तमानांमध्ये (बायबलातली येशूची चरित्रं) ओळींच्या मधे मधे इंग्रजी अर्थ लिहून ठेवला, त्या बारीक अक्षरात क्रियापदाचा शेवट कधी 'एथ' तर कधी 'एस' असा दोन्ही सापडतो. त्या भागात तेव्हा व्हायकिंग लोक येऊन राहिलेले होते, त्यांची बोली आणि इंग्रजी शेजारी शेजारी बोलली जायची, आणि अशा ठिकाणी शेवटचे प्रत्यय लवकर झिजतात असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. दोन भाषा एका गल्लीत राहिल्या की काय होतं हे बेळगावकरांना नव्यानं सांगायची गरज नाही.

मग झिजायचं सत्र सगळीकडंच चालू झालं, कारण इंग्रजीत जोर शब्दाच्या सुरुवातीला, शेवट हळू उच्चारला जातो, तो आधी पुसट होतो मग जातोच. 'मी'चा 'ए' गेला. मध्य इंग्लंडमध्ये अनेकवचनाला 'एन' लागायचा, दे सिंगेन असं, तोही गळाला आणि उरलं नुसतं सिंग. 'तू'साठी दाऊ होतं त्याला 'एस्ट' लागायचा, पण मोठ्या माणसाला आदरानं यू म्हणायची पद्धत पडली (आपलं तुम्ही, तसंच), ती पसरत पसरत सगळ्यांनाच यू झालं आणि सतराव्या शतकात रोजच्या बोलण्यातून दाऊ बहुतेक ठिकाणी गेलं, त्याच्याबरोबर 'एस्ट'ही गेला. सगळी रूपं अशी एकेक करून गेली आणि 'तो, ती, ते'चा प्रत्यय तेवढा टिकला. म्हणजे एकवचनाला एस लावायचं असं कुणी बसून ठरवलं नाही, बाकीचे गेले आणि हा राहिला.

राहिला तो कुठला, दक्षिणेतला 'एथ' की उत्तरेतला 'एस', हे ठरायला सोळावं शतक सरलं. शेक्सपिअरच्या मर्चंट ऑफ व्हेनिसमध्ये दयेबद्दलचं प्रसिद्ध भाषण आहे, त्यात एकाच ओळीत ब्लेसेथ, गिव्ह्ज आणि टेक्स, जुनं नवं शेजारी शेजारी आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलनं मात्र 'एथ'च धरून ठेवला, त्यामुळं चर्चमध्ये तो कानावर राहिला, बाजारात एस जिंकला. हॅथ आणि डथ (आजचे हॅज आणि डझ) तेवढे बराच काळ तग धरून होते.

नियम म्हणून याला कडकपणा आला तो अठराव्या शतकात. एका माणसालाही यू म्हणायला लागल्यावर बरेच लोक, चांगले लेखकसुद्धा, 'यू वॉझ' लिहायचे, त्यात त्यांचं एक लॉजिक होतं, माणूस एक म्हणून वॉझ. रॉबर्ट लाउथ ह्या धर्मगुरूनं १७६२ मध्ये व्याकरण छापलं आणि त्यात ही घोर चूक ठरवली. नंतर १७९५ मध्ये लिंडली मरे, मूळचा अमेरिकन पण इंग्लंडात यॉर्कजवळ राहिलेला, त्यानं मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिलं आणि वाक्यरचनेचा पहिलाच नियम हा की क्रियापद कर्त्याशी वचन आणि पुरुष यांत जुळलं पाहिजे. मरेचं पुस्तक इंग्रजांच्या साम्राज्यात दूरवर गेलं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, मिशनऱ्यांच्या आणि सरकारी शाळांतून इंग्रजी आली ती अशी नियमांच्या पुस्तकातून आली, बोलण्यातून नाही. आजही एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) तयारीत कंसातलं क्रियापद योग्य रूपात लिहा हा प्रकार असतोच, त्याची मुळं तिथपर्यंत जातात.

आणि आमची पोरं ह्यात अडखळतात ती क्रियापद फिरवायची सवय नाही म्हणून अडखळत नाहीत, हे मला ठासून सांगायचंय. घरात मराठी, बसस्टँडवर कन्नड, दोन्हीकडं क्रियापद इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त फिरतं. अवनु बरुत्ताने, अवळु बरुत्ताळे, अवरु बरुत्तारे. मराठीत तो येतो, ती येते, आणि भूतकाळात तर कर्ता सोडून कर्मामागं जातं: पोरानं भाकरी खाल्ली, पोरीनं भाकरी खाल्ली, आंबा असला की दोघांनीही खाल्ला. एवढं सगळं न चुकता करणारं लेकरू इंग्रजीत येतं तेव्हा तिथं पुल्लिंग-स्त्रीलिंगाला काही नाही, भूतकाळात वॉझ-वेअर सोडलं तर काहीच नाही, आणि मधेच एका जागी एक एस. ज्या प्रत्ययानं अर्थात काही भरच पडत नाही तो कान सोडून देतो, यात नवल नाही.

शिवाय जुळवणी सगळीकडं एकसारखी नसते हे आमच्या भागाला माहीत आहे. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत कितीतरी बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, पुण्याचं माणूस चमकतं, पण ते बोलीचं रीतसर रूप आहे. इंग्लंडातही नॉरफोकच्या बाजूला जुनी माणसं 'शी गो' म्हणतात, एस नाहीच. उत्तरेत उलट, कर्ता 'दे' असेल तर 'दे सिंग', पण नाम असेल तर 'बर्ड्झ सिंग्ज', म्हणजे आमचं पोरगं 'बॉईज प्लेज' लिहितं तसंच. तिथल्या बोलीत तो शेकडो वर्षांचा नियम आहे. परीक्षेत मार्क जातील हे खरंय, प्रमाण इंग्रजी शिकलीच पाहिजे, पण चूक म्हणजे डोकं कमी असं कुणी म्हणू नये.

आता राहिलं कॅन, मे, शल, मस्ट. 'ही कॅन' म्हणतो, 'ही कॅन्स' का नाही, हे पण पोरं विचारतात. ही क्रियापदं मुळात भूतकाळाची रूपं होती, अर्थ वर्तमानाचा झाला पण अंगावरचा साचा भूतकाळाचाच राहिला, आणि जुन्या इंग्रजीत 'ही सँग'सारख्या भूतकाळाला 'तो'चा काही प्रत्यय नव्हताच. विल जरा वेगळ्या वाटेनं येऊन ह्याच रांगेत बसला. 'डझ नॉट गो'मध्ये 'गो'चा एस जातो तो मात्र 'डू'च्या अंगावर गेलेला असतो, प्रश्नात आणि नकारात डू आणायची ही रीत सोळाव्या-सतराव्या शतकात रुळली, त्याआधी 'ही गोएथ नॉट' असंच म्हणायचे. शिकवताना फळ्यावर 'गो'वरचा एस पुसून तो 'डू'ला लावून दाखवला की पोरांना पटकन कळतं.