बाटलीनंतरचे दोन दिवस आणि दोन महिने

मराठवाड्यात उन्हाचा थकवा असो की तापानंतरचा अशक्तपणा, ‘एखादी बाटली लावा’ ही फर्माईश दवाखान्यात ठरलेली. म्हणून आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णाला लातूर-संभाजीनगरच्या डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब हे औषध सलाईनमधून द्यायचं म्हटलं, की घरच्यांना वाटतं, आता लगेच गुण येणार. पंचाईत अशी, की तो येतोही! सकाळी तासभर आखडलेली बोटं मोकळी होतात, भाकरी थापता येते. आठवड्याभरात मनगट पुन्हा सुजतं आणि ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणत माणसं गावच्या वैदूकडे वळतात.

तो दोन दिवसांचा आराम बहुधा स्टेरॉइडचा. रिअॅक्शन येऊ नये म्हणून अर्धा तास आधी 100 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून देतात. त्याने सूज झटपट उतरते आणि तितक्याच लवकर परतते. रिटुक्सिमॅबचा कारभार मात्र संथ. ते बी पेशींवरच्या (या रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सीडी20 या प्रथिनाला चिकटतं आणि त्या पेशी नष्ट होतात. पण सांध्यांवर उलटणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करणाऱ्या, बी पेशींपासूनच बनलेल्या पक्व प्लाझ्मा पेशींवर सीडी20 नसतंच. त्या टिकून राहतात. त्यामुळे खरा फरक जाणवायला दोन-तीन महिने, कधी चारही लागतात. तोवर मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या नेहमीच्या औषधाची आठवड्याची गोळी मनाने सोडायची नाही.

पहिला 1000 मिलिग्रॅमचा डोस तासाला 50 मिलिग्रॅम इतक्या सावकाश सुरू होतो, दर अर्ध्या तासाने वेग वाढवतात. चार-पाच तास सहज जातात. (दुसरा पंधरा दिवसांनी.) अशात ‘सिस्टर, जरा जोरात सोडा, शेवटची एसटी जाईल’ हा आग्रह नडतो. घसा खवखवला, अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजली तर तोंड दाबून बसू नये. बऱ्याचदा थेंब थांबवले, मग हळू सोडले की भागतं. रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यायची का, हे आदल्या दिवशीच विचारावं.

रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची तपासणी लागते. इन्फ्लिक्सिमॅबसारखं टीएनएफ (शरीरातलं सूज वाढवणारं प्रथिन) रोखणारं औषध असेल तर क्षयाचीही, कारण शरीरात दडून बसलेल्या क्षयजंतूंना कोंडून ठेवण्याचं काम टीएनएफच करतं. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल, तर सोयरिकीच्या भीतीने आपल्याकडे तो लपवतात. सोयऱ्यांपासून लपवा हवं तर, पण डॉक्टरांना सांगाच.