चेरीला कात्री लावायची नाही, असं कोण म्हणतं?

‘चेरी छाटणारा मूर्ख, उमे न छाटणारा मूर्ख’ अशी एक जुनी जपानी म्हण आहे. उमे म्हणजे तिथलं जर्दाळूच्या जवळचं फळझाड. या म्हणीच्या धाकाने घरची चेरी ब्लॉसम, म्हणजे फुलांसाठी लावलेली चेरी, वाढेल तशी वाढू दिली जाते.

म्हणीत तथ्य आहे, पण अर्धंच. चेरीची जखम लवकर भरत नाही आणि तिथून लाकूड कुजवणारी बुरशी शिरते. मात्र जपानच्याच आओमोरी प्रांतात, हिरोसाकी किल्ल्याच्या बागेत, सफरचंदाच्या छाटणीचं तंत्र चेरीवर वापरतात. तिथलं 1882 साली लावलेलं, सोमेई योशिनो जातीच्या चेरीचं झाड अजूनही फुलतं. याच जातीला साठेक वर्षांचं आयुष्य असतं, असं सर्रास सांगतात!

तेव्हा प्रश्न छाटायचं की नाही हा नाहीच. कधी आणि किती, हा आहे. हिरोसाकीत झाड सुप्त असताना, हिवाळ्याच्या अखेरीस छाटतात, जखमेवर लेप लावतात आणि खतही घालतात. ब्रिटनमध्ये मात्र ‘सिल्व्हर लीफ’ या पानं रुपेरी करणाऱ्या बुरशीच्या भीतीने उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी छाटण्याचा सल्ला असतो. वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढा. केरसुणीसारखा दाट झुबका दिसला, तर तो रोग आहे. त्याला फुलं जवळपास येतच नाहीत, म्हणून तो फांदीवर जिथून फुटलाय तिथूनच कापा. जाड फांदी शक्यतो कापूच नये. म्हणूनच रोप लहान असताना वळण लावणं बरं.

पुण्या-मुंबईत ही चिंताच नको. पुरेशा थंडीशिवाय चेरीच्या कळ्या नीट उमलत नाहीत.