महाकाय कृष्णविवरांच्या वाढीला मर्यादा कशाची? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात कृष्णविवराच्या वस्तुमानाला वरची मर्यादा नाही. समीकरणांत सूर्याच्या दहापट वस्तुमान घातले काय किंवा हजार कोटीपट घातले काय, उत्तराचा घाट तोच राहतो. बदलते ती केवळ घटना क्षितिजाची, म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही त्या सीमेची त्रिज्या, आणि तीही दर सूर्यवस्तुमानामागे सुमारे ३ किलोमीटर या सरळ हिशेबाने वाढत जाते. असे असूनही दीर्घिकांच्या केंद्रांत आजवर मोजलेली सर्वांत मोठी कृष्णविवरे तीन-चार हजार कोटी सूर्यवस्तुमानांच्या आसपास थांबलेली दिसतात. हे थांबणे कृष्णविवराच्या स्वभावातून येते की त्याला मिळणाऱ्या वायूच्या, प्रकाशाच्या आणि काळाच्या हिशेबातून येते, हा प्रश्न आज जितक्या नेमकेपणाने विचारता येतो तितका पूर्वी विचारता येत नव्हता. त्याच्या इतिहासाचे एक टोक मुंबईच्या बंदरात आहे.

३१ जुलै १९३० रोजी एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ‘पिल्स्ना’ या बोटीने मुंबईहून इंग्लंडला उच्च शिक्षणासाठी निघाले. प्रवासात त्यांनी श्वेत बटू ताऱ्यांचे, म्हणजे इंधन संपल्यावर उरणाऱ्या लहान व अतिदाट ताऱ्यांचे, गणित नव्याने मांडले. अशा ताऱ्याच्या गाभ्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचू लागले, की गुरुत्वाकर्षण पेलण्याची त्यांची ताकद अपुरी पडते आणि त्यामुळे श्वेत बटूच्या वस्तुमानाला एक कमाल मर्यादा येते, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे ही मर्यादा १.४ सूर्यवस्तुमान अशी निश्चित झाली. त्याहून जड गाभा कोसळू लागला तर तो कुठे थांबेल, याचे उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत ख्यातनाम ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी हा निष्कर्ष जाहीरपणे नाकारला. तारा असा अनिर्बंध कोसळत जाणे त्यांना मान्यच नव्हते, आणि त्यांच्या शब्दाचे वजन इतके होते की हा विषय बराच काळ मागे पडला.

मात्र कृष्णविवरांच्या वाढीचा विचार ज्या पहिल्या मर्यादेपासून सुरू होतो, ती मर्यादाही एडिंग्टन यांच्याच नावाची आहे, आणि या इतिहासातला हा योग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९२०च्या दशकात ताऱ्यांच्या अंतरंगाचा अभ्यास करताना त्यांनी दाखवून दिले होते की प्रकाश हा पदार्थाला बाहेर ढकलतो. तेजस्विता एका पातळीपलीकडे गेली तर हा प्रारणदाब गुरुत्वाकर्षणावर मात करतो आणि बाहेरचा वायू उधळला जातो. ही पातळी दर सूर्यवस्तुमानामागे सुमारे ३३ हजार सूर्यांच्या तेजाइतकी येते. हेच गणित कृष्णविवराला लावले तर त्याचा अर्थ असा होतो, की त्यात पडणारा वायू पडतापडता जो प्रकाश देतो, तोच प्रकाश मागून येणाऱ्या वायूची वाट अडवतो. म्हणजे कृष्णविवराच्या वाढीच्या वेगाला त्याच्या स्वतःच्या झगमगाटाचा लगाम आहे.

हा लगाम प्रत्यक्षात महत्त्वाचा ठरण्यासाठी आधी तसा झगमगाट कोणाला तरी दिसावा लागला. १९६२ मध्ये सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीने ‘थ्री सी २७३’ या रेडिओ स्रोताचे चांद्रपिधान टिपले. चंद्र एखाद्या स्रोतासमोरून सरकताना तो स्रोत नेमका कोणत्या क्षणी झाकला जातो आणि कोणत्या क्षणी उघडा पडतो हे मोजले, तर आकाशातील त्याचे स्थान अतिशय काटेकोरपणे कळते. त्या स्थानावरील ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याचा वर्णपट १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी उलगडला, तेव्हा त्याच्या रेषा जवळपास १६ टक्के तांबड्या बाजूला सरकलेल्या आढळल्या. विश्व प्रसरण पावत असल्याने याचा अर्थ तो ठिपका दोनशे कोटी प्रकाशवर्षांहूनही दूर होता आणि तरीही साध्या दुर्बिणीतून दिसण्याइतका तेजस्वी होता. शिवाय ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या अशा दूरच्या तेजस्वी स्रोतांचे, म्हणजे क्वेसारांचे, तेज अल्पावधीत कमीजास्त होत असल्याने प्रकाश देणारा भाग आकाराने फार लहान असला पाहिजे, हेही उघड होते.

चांद्रपिधानाच्या याच पद्धतीचा एक धागा आपल्याकडे येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गोविंद स्वरूप यांनी रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा केला आणि १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याण येथे सिडनीहून आलेल्या ३२ लहान तबकड्या मांडून पहिली रेडिओ दुर्बीण सुरू केली. आज लोकलने कल्याणला उतरणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक असेल, आणि ते अधिक लोकांना ठाऊक असायला हवे. ती दुर्बीण सूर्याच्या निरीक्षणासाठी होती. परंतु तिथे तयार झालेल्या गटानेच १९७० मध्ये उटी येथे ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली, आणि तिचा प्रमुख हेतू चांद्रपिधानाच्या आधारे दूरच्या रेडिओ स्रोतांचे आकार व स्थाने मोजणे हाच होता.

क्वेसारला ऊर्जा कोठून मिळते, याविषयी सुरुवातीला अनेक कल्पना पुढे आल्या. फ्रेड हॉईल आणि विल्यम फाउलर यांनी १९६३ मध्ये प्रचंड वस्तुमानाच्या एकाच ताऱ्याची कल्पना मांडली. १९६४ मध्ये अमेरिकेत एडविन साल्पीटर आणि सोव्हिएत संघात याकोव्ह झेल्दोविच यांनी स्वतंत्रपणे असे सुचवले की कोसळलेल्या जड वस्तूत पडणारा वायू ही ऊर्जा देत असावा. हायड्रोजनच्या संमीलनातून वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्का भाग ऊर्जेत बदलतो. कृष्णविवराभोवती तबकडीसारखा फिरत आत जाणारा वायू मात्र साधारण १० टक्के देऊ शकतो. १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी पुढचे पाऊल टाकले: क्वेसार विझले तरी त्यांची कृष्णविवरे जात नाहीत, तेव्हा आपल्या शेजारच्या शांत दीर्घिकांच्या केंद्रांतही ती असली पाहिजेत. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात सुमारे ४३ लाख सूर्यवस्तुमानाची संहत वस्तू आहे हे ताऱ्यांच्या कक्षांवरून दाखवल्याबद्दल राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या विचाराला पन्नास वर्षे उलटून गेली होती.

एडिंग्टनची मर्यादा वाढीचा वेग ठरवते, अंतिम आकार नव्हे, हा भेद लक्षात ठेवला नाही तर पुढचा सगळा वाद गढूळ होतो. कमाल वेगाने वायू गिळणाऱ्या कृष्णविवराचे वस्तुमान साधारणपणे दर तीन ते साडेतीन कोटी वर्षांनी दुप्पट होते. शंभर सूर्यवस्तुमानांपासून शंभर कोटींपर्यंत पोचायला असे सुमारे तेवीस टप्पे, म्हणजे न थांबता सत्तर-ऐंशी कोटी वर्षे लागतात. विश्वाच्या वयाच्या मानाने हा काळ थोडा आहे. पण २०२१ मध्ये नोंदवला गेलेला ‘जे ०३१३-१८०६’ हा क्वेसार महास्फोटानंतर केवळ ६७ कोटी वर्षांच्या काळातला आहे आणि त्याच्या कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे १६० कोटी सूर्यांइतके आहे. तेव्हा एक तर बीज, म्हणजे सुरुवातीचे कृष्णविवर, मोठे असले पाहिजे किंवा लगाम काही काळ सुटला असला पाहिजे. वायूचा प्रचंड ढग तारे न बनवता थेट कोसळून दहा हजार ते एक लाख सूर्यवस्तुमानाचे बीज तयार होऊ शकते, या विचारावर खगोलशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन यांनी सातत्याने काम केले आहे, आणि २०२३ मध्ये चंद्रशेखरांच्याच नावाच्या ‘चंद्रा’ क्ष-किरण वेधशाळेने व जेम्स वेब दुर्बिणीने मिळून अभ्यासलेली ‘यूएचझेड १’ ही दूरची दीर्घिका त्या विचाराशी जुळते, कारण तिथे कृष्णविवर आणि दीर्घिकेतील तारे यांची वस्तुमाने जवळजवळ बरोबरीची आहेत. उलट २०२४ मध्ये जाहीर झालेले ‘एलआयडी-५६८’ हे कृष्णविवर एडिंग्टन मर्यादेच्या सुमारे चाळीसपट वेगाने वायू गिळताना दिसले. माझ्या मते या दोन वाटा एकमेकींना खोट्या ठरवत नाहीत. निसर्गाने दोन्ही वापरल्या असण्याची शक्यता अधिक आहे.

अंतिम आकाराचा प्रश्न निराळ्या मार्गाने पुढे आला. १९९०च्या दशकात हबल दुर्बिणीमुळे अनेक दीर्घिकांच्या केंद्रातील कृष्णविवरे मोजली गेली आणि २००० मध्ये दोन गटांनी एकाच सुमारास दाखवले की दीर्घिकेच्या मध्यभागातील ताऱ्यांच्या गतींचा पसारा जितका मोठा, तितके तिथले कृष्णविवर जड असते. ज्या ताऱ्यांना कृष्णविवराचे गुरुत्वाकर्षण फारसे जाणवतही नाही, त्यांच्याशी त्याचे वस्तुमान बांधलेले असावे, याचे स्पष्टीकरण जोसेफ सिल्क आणि मार्टिन रीस यांनी १९९८ मध्येच सुचवले होते: वाढताना बाहेर पडणारी ऊर्जा अखेर दीर्घिकेतील वायूच उडवून लावते आणि अन्नाचा पुरवठा बंद पडतो. पर्सियस दीर्घिकासमूहातील तप्त वायूत केंद्रस्थ कृष्णविवराच्या झोतांनी फुगवलेली पोकळी क्ष-किरणांत दिसते, तेव्हा ही केवळ कागदावरची कल्पना राहत नाही. याच दिशेने नटराजन आणि एझेकिएल ट्राइस्टर यांनी २००९ मध्ये सुमारे हजार कोटी सूर्यवस्तुमानाची वरची मर्यादा सुचवली.

ही मर्यादा फार काळ टिकली नाही. २०११ मध्ये कोमा समूहातील ‘एनजीसी ४८८९’ या दीर्घिकेत सुमारे २१०० कोटी सूर्यवस्तुमानाचे कृष्णविवर असल्याचे जाहीर झाले. २०१९ मध्ये ‘अबेल ८५’ समूहातील ‘होल्मबर्ग १५ए’ दीर्घिकेच्या ताऱ्यांच्या गतींवरून ४००० कोटींचा आकडा निघाला. त्याच वर्षी ज्याच्या सावलीचे चित्र प्रसिद्ध झाले ते ‘एम ८७’चे कृष्णविवर ६५० कोटी सूर्यवस्तुमानाचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येते. ४००० कोटी सूर्यवस्तुमानाच्या क्षितिजाची त्रिज्या सुमारे १२ हजार कोटी किलोमीटर भरते. तेवढे अंतर तोडायला प्रकाशाला साडेचार दिवस लागतात. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत पोचायला त्याला चार तासांहून थोडा अधिक वेळ पुरतो.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. क्वेसारांच्या बाबतीत वस्तुमान सहसा वर्णपटातील रेषांच्या रुंदीवरून अप्रत्यक्षपणे काढले जाते, आणि त्यात दोन-तीन पटींची चूक सहज राहू शकते. ‘टॉन ६१८’ या क्वेसारचे वस्तुमान एका रेषेवरून ६६०० कोटी तर दुसऱ्या रेषेवरून सुमारे ४००० कोटी येते. थ्री सी २७३ मध्ये २०१८ साली ‘ग्रॅव्हिटी’ या उपकरणाने कृष्णविवराभोवती फिरणारा वायू थेट पाहिला, तेव्हा वस्तुमान सुमारे २६ कोटी सूर्यांइतके, म्हणजे आधीच्या काही अंदाजांहून बरेच कमी निघाले. सर्वांत मोठे कृष्णविवर कोणते, या बातम्यांकडे मी म्हणूनच थोडे थांबून पाहतो.

२०१६ मध्ये लेस्टर विद्यापीठाचे अँड्र्यू किंग यांनी मांडलेला युक्तिवाद मला या साऱ्या प्रवासातील सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. वायूची तबकडी केंद्रापासून दूर गेल्यावर स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने तुटते आणि तिचे तुकडे होऊन तारे बनतात. म्हणजे स्थिर तबकडीला बाहेरची एक हद्द असते. दुसरीकडे कृष्णविवर जसे वाढते तशी तबकडीची आतली कड बाहेर सरकत जाते. सुमारे ५००० कोटी सूर्यवस्तुमानापाशी आतली कड बाहेरच्या हद्दीला जाऊन भिडते आणि तबकडीला जागाच उरत नाही. कृष्णविवर अतिशय वेगाने फिरत असेल आणि तबकडीही त्याच दिशेने फिरत असेल, तर ही मर्यादा सुमारे २७ हजार कोटींपर्यंत ताणता येते. त्याच वर्षी कोहेई इनायोशी आणि झोल्तान हायमन हेही वेगळ्या वाटेने काही हजार कोटींच्या आकड्यापाशीच पोचले.

या युक्तिवादाने मर्यादा घातली ती वस्तुमानाला नव्हे, तर क्वेसार म्हणून प्रकाशत राहण्याला. तबकडी नसलेले कृष्णविवर थेट आत पडणारा वायू गिळू शकते. सूर्यासारखे तारेही ते अख्खेच्या अख्खे गिळते, कारण सुमारे १० कोटी सूर्यवस्तुमानापलीकडे तारा फाटण्याआधीच क्षितिजाच्या आत गेलेला असतो. शिवाय ते दुसऱ्या कृष्णविवरात मिसळू शकते. या शेवटच्या वाटेच्या अभ्यासात कुलाब्याची टाटा संस्था प्रत्यक्ष सहभागी आहे. ‘ओजे २८७’ या दीर्घिकेच्या केंद्रात सुमारे १८०० कोटी आणि १५ कोटी सूर्यवस्तुमानांची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरतात, असे मानून तेथील लंकेश्वर डे, ए. गोपाकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेजाच्या एका उद्रेकाची वेळ आधीच वर्तवली होती, आणि ३१ जुलै २०१९ रोजी स्पिट्झर दुर्बिणीने तो वर्तवलेल्या वेळेच्या चार तासांच्या आत टिपला. मुख्य कृष्णविवर याहून कितीतरी हलके आहे असे मानणारा गटही आहे आणि हा वाद मिटलेला नाही. २०२३ च्या जूनमध्ये स्पंदकांच्या, म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून मंद गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशात पसरणाऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या तरंगांच्या, पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर झाले. त्यात नारायणगावजवळील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचाही वाटा होता. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हेच त्या लहरींचे सर्वांत संभाव्य उगमस्थान मानले जाते.

विझलेल्या कृष्णविवराचे वजन करण्यासाठी आता त्याच्या मागून येणाऱ्या प्रकाशाचे वळण मोजले जाते. २०२३ मध्ये ‘अबेल १२०१’ समूहाच्या मध्यवर्ती दीर्घिकेत या पद्धतीने सुमारे ३२७० कोटी सूर्यवस्तुमानाचे कृष्णविवर आढळले, आणि २०२५ मध्ये ‘कॉस्मिक हॉर्सशू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घिकेत प्रकाशाचे वळण व ताऱ्यांच्या गती असे दोन्ही पुरावे एकत्र लावून सुमारे ३६०० कोटींचा आकडा मिळाला. ही दोन्ही कृष्णविवरे सध्या शांत आहेत. क्वेसार शोधण्याच्या जुन्या पद्धतींनी ती दिसलीच नसती.