मिग वळलं की वेग कुठे जातो?

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाची तक्रार एकच असते: माझा वेग टिकत का नाही? इंजिन पूर्ण जोरात, आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) पेटलेला, शत्रू नाकासमोर, आणि तरी दोन वळणांत आपलं विमान मरगळतं आणि तोच शत्रू मागे येऊन बसतो. जुने खेळाडू दोनच शब्दांत उत्तर देतात, "कमी ओढ." म्हणजे स्टिक, विमान वळवायचा दांडा, कमी ओढ. ऐकणाऱ्याला हे उत्तर उडवाउडवीचं वाटतं. पण ते ज्या गणितातून आलं, ते अमेरिकेत मांडलं गेलं त्याच वर्षी, १९६४ साली, नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. निव्वळ योगायोग, पण पुढे उपयोगी पडणारा.

पाठलागाचं गणित विमानांपेक्षा बरंच जुनं आहे. पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३२ मध्येच ते सोडवलं होतं. त्याच्यासमोर चाचे आणि व्यापारी जहाजं होती. पाठलाग करणाऱ्याने आपलं नाक सतत सावजावरच रोखून ठेवलं, तर त्याची वाट वाकत वाकत अखेर सावजाच्या शेपटीला लागते, हे त्याने दाखवलं. वैमानिक याला 'प्युअर परस्यूट' म्हणतात. सावजाच्या पुढे नाक ठेवलं तर 'लीड', मागे ठेवलं तर 'लॅग'. गोळीला पोचायला वेळ लागतो, म्हणून तोफ डागायची तर लीड हवाच, आणि त्याने अंतरही भराभर कमी होतं. पण लीडसाठी शत्रूपेक्षा आवळून वळावं लागतं, आणि वेग जास्त असेल तर आपण सरळ त्याच्या पुढे निघून जातो. लॅग बघायला आळशीपणाचा वाटतो, पण जास्तीचा वेग न गमावता मागे टिकून राहायची सोय त्यातच आहे. येवल्यात संक्रांतीला पतंग काटणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. ढील कुठे द्यायची हे ज्याला कळत नाही त्याचा मांजा आधी तुटतो.

पहिल्या महायुद्धात हे सगळं वैमानिकांच्या हातात होतं, कागदावर नव्हतं. जर्मनीच्या ओस्वाल्ड ब्योल्केने १९१६ मध्ये आठ नियम लिहून काढले. सूर्य पाठीशी ठेवा, मागून गाठा, अगदी जवळ गेल्यावरच गोळी झाडा, असे ते साधे नियम. कोलकात्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय याच आकाशात जुलै १९१८ मध्ये लढला, दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवले आणि त्याच महिन्यात मारला गेला.

दुसऱ्या महायुद्धात जपानच्या 'झिरो' या लढाऊ विमानाने एक गोष्ट सर्वांना शिकवली: जे विमान आपल्यापेक्षा चांगलं वळतं त्याच्याशी वळणाची स्पर्धा करायची नाही. चीनमध्ये क्लेअर शेनॉल्ट या अमेरिकी अधिकाऱ्याने आपल्या वैमानिकांना वरून सूर मारा, गोळ्या झाडा आणि त्याच वेगाने निघून जा, हे घोकून घेतलं. अमेरिकी नौदलाच्या जॉन थॅचने घरी टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडून दोन विमानांनी एकमेकांची पाठ राखायची युक्ती शोधली. आजचे खेळाडू 'बूम अँड झूम' म्हणतात ते शेनॉल्टचंच. तरीही हे सगळे अनुभवाचे नियम होते. वळताना नेमकं काय गमावतो, किती गमावतो, हे आकड्यात कोणीच सांगितलं नव्हतं.

ते काम जॉन बॉइडने केलं. कोरियात सेबर हे लढाऊ विमान उडवलेला हा अमेरिकी वैमानिक पुढे नेलिस तळावर हवाई लढत शिकवत होता. मागे बसलेल्या कुणालाही चाळीस सेकंदांत आपल्या पुढे आणून दाखवीन, अशी त्याची पैज असे. १९६० मध्ये त्याने सगळे डावपेच एका पुस्तिकेत मांडले. सिम्युलेटरवाल्यांचे लाडके हाय यो-यो आणि लो यो-यो त्यात आहेत. हाय यो-योमध्ये आपण वळणाच्या पातळीतून नाक वर काढतो, जास्तीचा वेग उंचीत साठवतो आणि मग वरून शत्रूच्या मागे उतरतो. लो यो-योमध्ये उलट: नाक खाली घालून वेग मिळवायचा आणि आतून वाट छाटायची.

यो-योवर तो थांबला नाही. गणितज्ञ टॉमस ख्रिस्ती याला बरोबर घेऊन, एग्लिन तळावरच्या संगणकाचा वेळ दुसऱ्याच कामाच्या नावावर वापरून, त्याने १९६४ मध्ये ऊर्जेचा सिद्धांत मांडला. उंची आणि वेग ही एकाच खात्यातली दोन रूपं, हा त्याचा गाभा. ताशी ९०० किलोमीटर वेग म्हणजे साधारण ३१८५ मीटर उंची. विमान ताशी ५४० पर्यंत घसरलं, तर त्या वेगाची किंमत उरते ११५० मीटरच्या आसपास. म्हणजे एका हट्टी वळणात तुम्ही दोन किलोमीटर उंची फुकून टाकलीत, उंचीमापक तसूभर न हलता!

ती जाते कुठे? वळायला जास्त उद्वहन, म्हणजे पंखांनी विमान उचलून धरणारं बल, लागतं, आणि त्या उद्वहनापायी येणारा हवेचा अवरोध वर्गाच्या हिशेबाने वाढतो. त्याच वेगात ५ जीचं, म्हणजे विमानावर वजनाच्या पाचपट भार टाकणारं, वळण घेतलं तर हा अवरोध सरळ उड्डाणाच्या २५ पट होतो. इंजिन तो भरून काढू शकत नाही. दुसरीकडे, फार वेगात असणंही तोट्याचंच. ५ जीला ताशी ८०० वेगाने वळणाची त्रिज्या हजार मीटरवर जाते, ताशी ६०० ला ती ५८० मीटर. म्हणून वैमानिक 'कॉर्नर स्पीड' शोधतात: ज्या वेगाला विमान आपल्या पूर्ण जीची मर्यादा गाठू शकतं, त्यातला सगळ्यात कमी वेग. 'कमी ओढ' म्हणणारा जुना खेळाडू याच आकड्याच्या आसपास राहा, असं सांगत असतो.

बॉइडच्या आलेखांनी अमेरिकी हवाई दलाची झोप उडवली, कारण सोव्हिएत विमानं अनेक ठिकाणी सरस निघत होती. त्यात मिग-२१ होतं, आणि इथे ओझर आलं. मुंबई-आग्रा महामार्गावर, शहरापासून वीसेक किलोमीटरवर हिंदुस्तान एरोनॉटिक्सने मिगचे सांगाडे बांधले. इंजिनं कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. आधी एफएल ही आवृत्ती, मग एम, मग बिस. ७.१५ मीटर पंखविस्ताराचं हे त्रिकोणी पंखांचं विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं, पण आखूड पंखांमुळे वळताना वेग झपाट्याने सांडायचं. म्हणजे बॉइडच्या गणितातली सगळ्यात महाग चूक या विमानात सगळ्यात सोपी होती. आपल्या वैमानिकांनी ती ओळखली होती. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर मिग-२१ ने पाकिस्तानी स्टारफायटर पाडलं. स्टारफायटरचे पंख त्याहून चिमुकले. वळण्याची स्पर्धा तिथे नव्हतीच, होता तो वेगाचा पाठलाग.

आता पडद्याकडे येऊ. १९७९ मध्ये ब्रूस आर्टविकचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर ॲपल टू वर आला, तेव्हा त्यातही पहिल्या महायुद्धाची छोटी लढाई होती. विमान म्हणजे चार रेघा. माझ्या मते सिम्युलेटरच्या इतिहासातली खरी पायरी चित्रांची नाही, हिशेबाची आहे. १९९१ च्या 'फाल्कन ३.०'मध्ये अचूक उड्डाणाचा पर्याय निवडायला संगणकात मॅथ कोप्रोसेसर, म्हणजे आकडेमोडीसाठीची वेगळी चिप, बसवावा लागे. बॉइडला ज्या आकडेमोडीसाठी सरकारी संगणकावर चोरून वेळ काढावा लागला होता, ती आता घरातल्या टेबलावर दर क्षणाला होत होती. त्याआधीच्या बऱ्याच खेळांत वेग सांडायचाच नाही, म्हणून डावपेचही लागायचे नाहीत.

दुसरा बदल माणसांमुळे आला. १९८८ च्या 'एअर वॉरियर'मध्ये अनेक जण एकाच आकाशात, तासागणिक पैसे मोजून, एकमेकांशी लढले. संगणकाचा शत्रू तीच चूक पुन्हा करतो. माणूस एकदाच करतो. यो-यो आणि लॅग तिथून पाठ होऊ लागले. २००१ मध्ये 'आयएल-२' हा सिम्युलेटर आला, आणि पुढे डोक्याच्या हालचालीने नजर फिरवणारी ट्रॅकआयआरसारखी साधनं आली. शत्रू नजरेतून सुटला की कुठलाही पाठलाग संपतो, हे कीबोर्डवर मान वळवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

२०१४ मध्ये 'डीसीएस' या सिम्युलेटरमध्ये मिग-२१ बिस आलं. आमच्याकडे ज्यांच्या घरातल्या कुणी ना कुणी ओझरला नोकरी केली, अशी घरं बरीच आहेत. त्यांच्या नातवांनी ते विमान पडद्यावर घेतलं आणि पहिल्याच वळणात ताशी तीनशेवर आणून ठेवलं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे विमान स्टिक ओढली की नाक फिरवतं, नाही म्हणत नाही. बिल नंतर येतं.

पुढचा वाद सुखोईचा. ओझरला बांधलेली सुखोई-३० एमकेआय २००४ पासून हवाई दलात येऊ लागली. तिच्या इंजिनांच्या नळ्या वळतात, त्यामुळे वेग जवळपास संपल्यावरही नाक हवं तिकडे नेता येतं. २००८ मध्ये भारतीय सुखोई नेलिसच्या 'रेड फ्लॅग' सरावाला गेल्या. त्यानंतर एका अमेरिकी अधिकाऱ्याच्या भाषणाची चित्रफीत सगळीकडे फिरली: नाक असं फिरवलं की विमान खाली बसतं आणि वरचा शत्रू ते टिपतो. भारतातल्या जाणकारांनी त्यातल्या दाव्यांना उत्तरं दिली. मला दोन्ही बाजूंत बॉइडच दिसतो. नाक आधी रोखणं मोलाचं की ऊर्जा राखणं, हा सौदा ती गोळी लागते की नाही यावर ठरतो.

ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने भरवलेल्या स्पर्धेत संगणकी प्रणालीने एफ-१६ च्या अनुभवी वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये ५-० हरवलं. तिचा आवडता डाव समोरासमोर येऊन तोफ डागण्याचा होता. सराव लढतीत वैमानिकांना सुरक्षेपायी ती मुभा नसते. शिवाय शत्रू कुठे आहे याची अचूक माहिती प्रणालीला क्षणोक्षणी मिळत होती, मान वळवायची गरजच नव्हती.

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये बांधलेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं. तेही त्रिकोणी पंखांचं, वेगळी शेपटी नसलेलं, त्यामुळे मिगबद्दलचा जुना प्रश्न पोरं त्यालाही विचारू लागली आहेत: एकसारखं वळत राहिलं तर वेग किती टिकतो? एफ-१६ चे किंवा मिग-२१ चे आलेख जुन्या पुस्तिकांतून मिळतात, म्हणून त्यांची सिम्युलेटरं विश्वासार्ह होतात. तेजसचे आकडे गुप्त आहेत. त्यामुळे ते विमान पडद्यावर आणू पाहणाऱ्याला इंजिनाचा जोर, पंखांचं क्षेत्रफळ आणि हवाई प्रदर्शनांच्या चित्रफितींवरूनच अंदाज बांधावा लागतो.