बदललेली किडनी बंद पडली, मग गोळ्यांचं काय?

ट्रान्सप्लांट केलेली किडनी बंद पडून पेशंट परत डायलिसिसवर आला की रिजेक्शन (शरीराने परक्या किडनीवर हल्ला करणं) थांबवणाऱ्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, हा प्रश्न येतोच. आणि दोन डॉक्टरांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतात.

१९६० च्या दशकात असा प्रश्न फारसा पडत नव्हता. अ‍ॅझाथायोप्रिन आणि भरपूर स्टिरॉइड एवढंच हातात होतं, त्यात इन्फेक्शनने माणूस जायची भीती मोठी, त्यामुळे किडनी गेली की औषधं थांबवायची, त्रास दिला तर किडनी काढून टाकायची, विषय संपला. खरा गुंता सायक्लोस्पोरिन हे रिजेक्शनवरचं नवं औषध आल्यानंतरचा. ते १९८३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, मग ९० च्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट आलं, बदललेल्या किडन्या वर्षानुवर्षं टिकायला लागल्या. साहजिकच दहा-पंधरा वर्षं चालून मग बंद पडलेल्या किडनीचे आणि दुसऱ्या ट्रान्सप्लांटची वाट बघणारे पेशंटही वाढत गेले.

आता सगळ्यात वादाचा मुद्दा, किडनी काढण्याचा. जुन्या नोंदींमध्ये दिसायचं की किडनी काढल्यावर रक्तातल्या अँटिबॉडीज (परक्या पेशींविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) एकदम वर जातात, म्हणजे पुढचा डोनर जुळणं अवघड. त्यावर एक स्पष्टीकरण चालत आलं, की बंद पडलेली किडनी स्पंजसारखी अँटिबॉडीज शोषून ठेवते आणि ती काढली की सगळ्या रक्तात मोकळ्या फिरतात. ऐकायला पटतं. पण बऱ्याच पेशंटच्या बाबतीत किडनी काढली आणि गोळ्याही त्याच सुमारास बंद केल्या, मग अँटिबॉडीज कशामुळे वाढल्या, ऑपरेशनमुळे की गोळ्या सुटल्यामुळे? हे वेगळं करून बघायला लोकांनी फार उशीर केला असं मला वाटतं. २००० नंतर एकेका अँटिजेनविरुद्धची (पेशीवरच्या परक्या खुणेविरुद्धची) अँटिबॉडी वेगळी मोजता येणाऱ्या टेस्ट सर्रास व्हायला लागल्या, आणि किडनी आतच असली तरी गोळ्या कमी केल्यावर अँटिबॉडीज वाढतात हे नीट दिसायला लागलं. म्हणून स्पंजचा भाग अगदी खोटा नाही, पण सगळा दोष त्या ऑपरेशनच्या माथी मारणं बरोबर नव्हतं. ताप, दुखणं, लघवीत रक्त असा त्रास असेल तर किडनी काढावी लागतेच किंवा तिचा रक्तपुरवठा बंद करतात, त्यावर फारसं भांडण नाही. भांडण आहे ते काहीच त्रास न देता गुपचूप पडून असलेल्या किडनीचं.

"बंद करणं" हा शब्दही फसवा आहे. सहसा आधी मायकोफेनोलेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिन थांबवतात, मग टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन हळूहळू उतरवतात, स्टिरॉइड सगळ्यात शेवटी आणि अगदी सावकाश, कारण वर्षानुवर्षं बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं, एकदम तोडलं तर बीपी कोसळू शकतं. म्हणून स्वतःच्या मनाने गोळी सोडणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

आता ज्याला लवकरच दुसरी किडनी मिळण्याची शक्यता आहे, विशेषतः जिवंत डोनर तयार आहे, त्याच्या गोळ्या चालू ठेवण्याकडे कल वाढलाय. अजून बऱ्यापैकी लघवी होत असेल तर तीही टिकवावीशी वाटते. ज्याला पुन्हा ट्रान्सप्लांट शक्यच नाही किंवा वारंवार इन्फेक्शन होतंय, त्याच्या मात्र उतरवतात. चालू ठेवल्या तर इन्फेक्शन वाढणारच असं आधी धरून चालायचे, पण २०२२ मध्ये कॅनडातल्या पेशंटवर झालेल्या एका अभ्यासात गोळ्या चालू असलेल्यांमध्ये मृत्यू कमी दिसले आणि इन्फेक्शनसाठी अ‍ॅडमिट होणंही वाढलेलं नव्हतं. अर्थात कोणाच्या गोळ्या चालू ठेवायच्या हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं, आधीच जास्त आजारी असलेल्यांच्याच बंद केल्या गेल्या असतील तर आकडे असेच दिसणार. किती महिने चालू ठेवायच्या, डोस किती ठेवायचा, यावर अजूनही प्रत्येक सेंटरची आपापली पद्धत आहे.