प्रवचन (ख्रिस्ती उपासना)

ख्रिस्ती उपासनेत पवित्र शास्त्रातील उतारा वाचून झाल्यावर जमलेल्या मंडळीला तो उलगडून सांगणे, म्हणजे प्रवचन. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्याला उपदेश किंवा संदेश असेही म्हणतात. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाच्या ग्रंथातील भाग वाचला आणि हे वचन आज पूर्ण झाले आहे, असे समोरच्यांना सांगितले (लूक, अध्याय ४). जुने वचन आणि पुढ्यात बसलेली माणसे यांची अशी गाठ घालून देणे, हेच प्रवचनाचे काम.

सुमारे १५५ मध्ये आरंभीच्या काळातील ख्रिस्ती लेखक हुतात्मा जस्टिन याने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. वेळ असेल तोवर प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचत; मग अध्यक्ष त्यांवर बोध करी; नंतर सारे उभे राहून प्रार्थना करत आणि भाकर व द्राक्षारस पुढे आणला जाई. हा क्रम आजही अनेक मंडळ्यांत टिकून आहे.

प्रवचनाची ताकद संकटात दिसते. ३८७ मध्ये करवाढीमुळे रोमन साम्राज्यातील अंत्युखिया शहरात दंगल उसळली आणि जमावाने सम्राट थिओडोसियसच्या घराण्याचे पुतळे पाडले. सम्राट आता शहरावर सूड उगवणार, या धास्तीने लोक हवालदिल झाले. वृद्ध बिशप फ्लेव्हियन दयायाचना करायला कॉन्स्टँटिनोपलला गेले. मागे राहिलेले धर्मगुरू जॉन क्रिसोस्तोम ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात प्रवचनामागून प्रवचन देत राहिले. त्यांनी लोकांना धीर दिला, तसेच ऊठसूट शपथा वाहण्याच्या सवयीवरून खडसावलेही. नुसते गोंजारणारे प्रवचन अपुरेच असते. शहराला अखेर माफी मिळाली.

प्रॉटेस्टंट पंथांना जन्म देणाऱ्या सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने प्रवचनाला उपासनेच्या केंद्रस्थानी आणले. १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून दिलेले धर्मसुधारक कॅल्व्हिन १५४१ मध्ये परतले आणि शास्त्राचे विवेचन जिथे थांबले होते, तिथूनच त्यांनी पुढे सुरू केले. व्यासपीठावरून स्वतःची गाऱ्हाणी मांडण्याचा मोह होणाऱ्या प्रत्येक पाळकाने हे उदाहरण जवळ बाळगावे. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये प्रवचन हा मिस्साविधीचाच (भाकर व द्राक्षारसाच्या मुख्य उपासनेचाच) भाग असल्याचे सांगितले. रविवारी व बंधनकारक सणांना लोकांसह होणाऱ्या मिस्सात गंभीर कारणाशिवाय ते गाळता येत नाही.

महाराष्ट्रात या परंपरेला कीर्तनाची जोड मिळाली. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे आणि पुढे कवी नारायण वामन टिळक यांनी पदे, अभंग व निरूपण यांतून ख्रिस्तचरित्र सांगितले. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांनाही ते आपल्या ओळखीच्या चालींवर ऐकता आले.