रंगवलेल्या सैन्याचे दहा गुण

छोट्या आकृत्यांची सैन्यं लढवायच्या वॉरहॅमर ४०,००० या खेळाची नववी आवृत्ती २०२० साली आली. तिच्यातल्या एका नियमावरून खेळाडूंमध्ये बरीच वादावादी झाली. सामना एकूण शंभर गुणांचा, आणि त्यांतले दहा गुण तुमचं सैन्य रंगवलेलं असेल तरच मिळणार. करड्या प्लास्टिकचे बिनरंगी शिपाई घेऊन आलेला खेळाडू डावपेचांत कितीही तरबेज असो, त्याची मजल नव्वदापर्यंतच. बुद्धिबळात प्यादी चकचकीत पुसून आणली म्हणून कुणी अर्धा गुण जास्त देतं का, असा नाराज मंडळींचा सवाल होता.

सवाल बिनतोड आहे. पण टेबलावर छोटी सैन्यं मांडून खेळायच्या या छंदाची वंशावळ बुद्धिबळाइतकी सरळ नाही. त्याचं एक घराणं लष्करी कचेरीतलं, दुसरं खेळण्यांच्या दुकानातलं. या दोन घराण्यांचं एकमेकांशी कधीच पूर्ण पटलेलं नाही.

कचेरीतल्या घराण्याचा मूळपुरुष मात्र बुद्धिबळच, म्हणजे आपला चतुरंग: हत्ती, घोडे, रथ, पायदळ. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या दरबारात वाढणाऱ्या उमरावांच्या मुलांना शिकवणारे गणिताचे प्राध्यापक योहान हेलविग यांनी १७८० साली या पटाला ताणून मोठं केलं. शेकडो घरं, आणि घराच्या रंगावरून कळायचं की इथे डोंगर आहे, पाणी आहे की दलदल. मुलांना युद्धशास्त्राची गोडी लागावी हा हेतू. तरी घरं ती घरंच. खरं सैन्य चौकोनांतून चालत नाही.

ही अडचण प्रशिया या जर्मन राज्यातल्या एका बापलेकांनी सोडवली. थोरले फोन राइसवित्झ ब्रेस्लाउमधले मुलकी अधिकारी. त्यांनी १८१२ साली राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याला एक भलंमोठं मेज नजर केलं. खणांमध्ये चिनी मातीची सैन्यं, आणि वर हव्या तशा जुळवता येणाऱ्या, टेकड्या-नद्या रंगवलेल्या फरश्या. वस्तू देखणी, पण राजवाड्याबाहेर कोण नेणार? त्यांचा मुलगा तोफखान्यातला लेफ्टनंट. त्याने मेज बाजूला ठेवलं आणि १:८००० प्रमाणाचा नकाशा पसरला. १८२४ साली त्याचे नियम छापून आले. आजच्या खेळाडूला ते वाचताना घरच्यासारखं वाटेल: एक पाळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं, किती माणसं पडली ते फासे आणि कोष्टकं ठरवणार, आणि मध्ये एक पंच. दोन्ही बाजूंनी हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचे. शत्रूची जी तुकडी तुम्हाला खरोखर दिसली असती, तेवढीच तो नकाशावर ठेवणार. बाकी धुकं.

सरसेनापतींच्या कचेरीचे प्रमुख फोन म्युफलिंग सुरुवातीला कंटाळून बघत होते म्हणे. डाव रंगला तसे ते खुलले आणि हा खेळ नव्हे, हे तर युद्धाचं शिक्षण आहे, असं म्हणाले. सैन्यात खेळाची शिफारस झाली. तरुण राइसवित्झच्या नशिबी मात्र सुख नव्हतं. त्याची बदली झाली आणि १८२७ साली त्याने स्वतःला संपवलं. पुढे मोल्टकेसारख्या सेनापतीने या खेळाला आधार दिला, आणि १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला धूळ चारल्यावर युरोपभरच्या सैन्यांना त्याची ओढ लागली.

या साऱ्या खटाटोपात शिपाई कुठेच नाही, हे ध्यानात घ्या. राइसवित्झच्या नकाशावर फक्त लाल आणि निळे ठोकळे होते. ठोकळ्याची लांबी म्हणजे त्या तुकडीने व्यापलेली आघाडी, बस्स. त्याला चेहरा, मिशा, झुपकेदार टोपी देऊन अधिकाऱ्याला करायचंय काय?

चेहरा आणि टोपी होती दुसऱ्या घराण्याकडे. न्युरेंबर्गचे कारागीर अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे शिपाई ओतत होते. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली नवी युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, बाहेरचा थर धरला की आतलं पातळ शिसं परत ओतून घ्यायचं. शिपाई पोकळ, हलका आणि स्वस्त. उंची ५४ मिलिमीटर, अंगावर खऱ्या पलटणीचा गणवेश रंगवलेला. मध्यमवर्गीय घरांतल्या पोरांकडे आता पलटणीच्या पलटणी जमू लागल्या. पण त्यांना नियम नव्हते. आपल्याकडे दिवाळीत किल्ला करतात तसंच काहीसं. बुरुज उभे राहतात, हळीव उगवतं, मावळे जागोजागी ठेवले जातात, महाराज सिंहासनावर बसतात. मग लढाई काही होत नाही.

दोन घराण्यांचं लग्न लावलं एच. जी. वेल्स यांनी. टाइम मशीनवाले तेच वेल्स. त्यांचं ‘लिटल वॉर्स’ हे छोटं पुस्तक १९१३ साली आलं. सुरुवात मोठी गमतीची आहे. स्प्रिंगची एक खेळण्यातली तोफ होती, लाकडी गोळी उडवणारी, आणि नेम चांगला लागायचा. जेवणानंतर एका पाहुण्याने मांडलेल्या शिपायांवर ती डागली, एक शिपाई पाडला आणि यजमानांना आव्हान दिलं. तिथून नियम वाढत गेले: वेळ लावून चाल करायची, पायदळ इतकं सरकेल, घोडदळ तितकं. वेल्स यांनी फासे ठेवलेच नाहीत. गोळी लागली तर शिपाई पडला, नाही लागली तर वाचला. मोठी माणसं जमिनीवर पालथी पडून डोळा मिटून नेम धरतायत, असं ते दृश्य. वेल्स युद्धाचे चाहते नव्हते. हा खेळ तीन-चार वेळा खेळलात तर खरं महायुद्ध किती भोंगळ प्रकार असेल ते कळेल, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं.

मधली चार दशकं मी सोडून देतो. छंद जिवंत होता, पण विखुरलेला. खरी उभारी दुसऱ्या महायुद्धानंतरची. कॅलिफोर्नियात जॅक स्क्रबी यांनी १९५७ पासून या खेळाचं नियतकालिक चालवलं आणि खास खेळासाठी छोट्या धातूच्या आकृत्या ओतल्या. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचे डोनाल्ड फेदरस्टोन, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, यांचं १९६२ सालचं ‘वॉर गेम्स’ वाचून एक पिढी खेळाकडे वळली. त्याच सुमारास एअरफिक्स कंपनीचे बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे शिपाई बाजारात आले. ५४ मिलिमीटरवाल्यांना अख्खी खोली लागायची. यांची लढाई जेवणाच्या टेबलावर मावायची, आणि शाळकरी पोराच्या खिशाला एक डबा परवडायचा. वैताग एकच. ते प्लास्टिक इतकं मऊ की भाला वाकला की रंगाचा पोपडा निघालाच. म्हणून आधी पातळ डिंकाचा हात द्या, मग रंग लावा, असले तोडगे निघाले. रंगकामाची चर्चा हा या छंदाचा निम्मा भाग झाला तो तेव्हापासून.

या पिढीची आवड ऐतिहासिक लढायांची: वॉटर्लू, गेटिसबर्ग आणि आपल्या जालना जिल्ह्यातली असईसुद्धा. २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीने कैलना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला. थोड्या सैन्याने मोठ्या सैन्याला भिडणं, समोर तोफांची जबरदस्त रांग. खेळाडूला आणखी काय हवं? परदेशी कंपन्यांच्या यादीत मराठा स्वारांच्या आणि गोलंदाजांच्या आकृत्या दिसतात त्या यामुळे. पगड्यांचे रंग कधी कधी पाहवत नाहीत, ते सोडा.

स्पर्धा सुरू व्हायला अजून एक गोष्ट हवी होती: अनोळखी माणसाशी बरोबरीने खेळता यावं. रोमन पायदळासमोर मंगोल घोडेस्वार आले तर किती विरुद्ध किती? उत्तर म्हणजे मोल. प्रत्येक शिपायाला, घोड्याला, हत्तीला ठरावीक किंमत. दोघांनी सारख्याच बेरजेचं सैन्य आणायचं. इंग्लंडच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने १९६९ साली प्राचीन काळातल्या लढायांचे नियम छापले. ते सर्वांनी मानल्यामुळे एका शहरातला खेळाडू दुसऱ्या शहरातल्या स्पर्धेत वाद न घालता उतरू लागला. निदान कमी वाद घालून.

अमेरिकेत याच सुमारास एक फांदी भलतीकडे गेली. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी १९७१ साली मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ हे नियम काढले आणि शेवटी ड्रॅगन, जादूगार जोडले. त्यातून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जन्मलं; त्यात सैन्याऐवजी प्रत्येक खेळाडू एकेक पात्र वठवतो. ते इंग्लंडमध्ये विकणारी मंडळी म्हणजे गेम्स वर्कशॉप, १९७५ साली तीन मित्रांनी सुरू केलेली कंपनी. तिने १९८३ साली ‘वॉरहॅमर’ आणलं आणि १९८७ साली भविष्यकाळातलं ‘वॉरहॅमर ४०,०००’. त्याच १९८७ साली ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धाही सुरू झाली, म्हणजे दोन्ही घराणी आता एकाच छपराखाली. नॉटिंगहॅमच्या आसपास आकृत्या ओतणारे इतके जमले की त्या भागाला गमतीने ‘शिशाचा पट्टा’ म्हणतात. नव्वदच्या दशकात विषारी शिशाची जागा इतर मिश्रधातूंनी घेतली आणि पुढे प्लास्टिकने. ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरांत गेली.

रंगवण्याची एक रीत याच काळात रुळली. आधी प्राइमर, मग मूळ रंग, त्यावर खाचांत उतरणारा पातळ काळपट रंग, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर उजळ हात. पावसाळ्यात मुंबईत स्प्रेचा प्राइमर मारायच्या भानगडीत पडू नये. दमट हवेत तो रवाळ बसतो आणि महागाची आकृती खरवडल्यासारखी दिसते. ब्रशने लावलेला बरा.

एका छपराखाली भांडण कसं पेटतं ते २०१५ साली दिसलं. कंपनीने वॉरहॅमरचं जुनं जग संपवून ‘एज ऑफ सिग्मार’ आणलं आणि नियमांतून मोल काढूनच टाकले. आवडेल ते जमवा, रंगवा, टेबलावर मांडा! खेळण्यांच्या दुकानाचं हे तत्त्वज्ञान स्पर्धक मंडळींना अजिबात रुचलं नाही. एकाने तर आपलं सैन्य जाळून त्याचा व्हिडिओ टाकला. पुढच्याच वर्षी मोल परत आले. आता कंपनी नियमितपणे मोलांत फेरफार करते, स्पर्धक दोन हजार मोलांच्या याद्यांची चिरफाड करतात, सामन्यात बुद्धिबळाचं घड्याळ लावतात. राइसवित्झ लेफ्टनंटला हे ओळखीचं वाटलं असतं. ज्या ठोकळ्याला तो तुकडी म्हणायचा, त्याला आता चिलखत आहे, डोळ्यांत ठिपक्याएवढी चमक आहे, एवढाच फरक.

दहा गुणांच्या नियमाने मात्र एक तिसराच धंदा तेजीत आणला. पैसे घेऊन सैन्य रंगवून देणारे कलाकार आधीपासून होते; श्रीलंकेत तर पाश्चात्त्य खेळाडूंसाठी हे काम करणाऱ्या कार्यशाळाच आहेत. गोल्डन डेमनमध्ये आकृती स्वतःच्या हाताने रंगवलेली लागते. दहा गुणांचा नियम फक्त एवढंच बघतो की सैन्यावर रंग आहे. तो कुणी लावला, हे कुणी विचारत नाही.